मालव्याची अफू, मुंबईचं मॉर्फिन आणि मधला खान्देश

"आंग दुखी ऱ्हायनं भाऊ, ती गोयी दे." मित्राच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी स्टुलावर बसून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. केळीची गाडी भरून आलेला माणूस, खांद्यावरचं फडकं घामाने चिंब. 'ती' म्हणजे कोणती, हे मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक. मित्र कात्रीने स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या कापायचा, कागदात गुंडाळून द्यायचा. चिठ्ठी तेव्हाही लागायचीच, पण मागत कोण होतं? ती गोळी ट्रामाडॉलची.

ट्रामाडॉल अफूच्या बोंडातून निघत नाही, ते कारखान्यात बनतं. तरीही ते अफूच्याच गोतावळ्यातलं. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ज्या कुलपाला अफूतलं मॉर्फिन लागतं, त्याच कुलपाला ही किल्लीही लागते. आणि अफूची गोष्ट निघाली की खान्देशला बाजूला उभं राहता येत नाही, कारण ती गेली आमच्या दारावरून.

अफू पिकायची मालव्यात. बोंडाला दुपारनंतर चिरा द्यायच्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा, ही रीत मंदसौर-नीमचकडे आजही तशीच आहे. इंग्रजांना १८१८ मध्ये खान्देश मिळाला तेव्हा मालव्याची अफू चीनला जाऊ लागली होती. तिचा बराच भाग सिंधमार्गे दमणला चोरून जाई. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांकडे गेला, ती वाट बंद झाली आणि इंदूरला कर भरून मुंबई बंदर गाठण्याचा सरळ रस्ता उरला. तो रस्ता म्हणजे सेंधव्याचा घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव. पुढे इंदूर-खंडवा रेल्वे झाली आणि भुसावळमार्गे वॅगन जाऊ लागल्या. चीनकडचा हा व्यापार १९१३ मध्ये थांबला. घरातली अफू मात्र राहिली. मुंबई इलाख्यात तान्ह्या बाळाला अफूची 'बाळागोळी' चाटवून आया कामावर जायच्या. बाळ झोपून राही, कधी कधी उठतच नसे. मोठ्यांना परवान्यावर अफू मिळे, तीही १९५९ पर्यंत बंद झाली. आपल्या काळ्या मसाल्यातली खसखस त्याच झाडाची, पण बीमध्ये नशा जवळजवळ नसतेच, तेव्हा भाजीला दोष नको.

औषधाचा प्रवास वेगळा. झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याने १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. कोडीन १८३२ मध्ये सापडलं. १८९८ मध्ये हेरॉईन बाजारात आलं ते खोकल्याचं औषध म्हणून. दर नव्या औषधाबरोबर 'याची सवय लागत नाही' हे आश्वासन आलं आणि दर वेळी ते खोटं ठरलं. ट्रामाडॉल जर्मनीत १९७७ मध्ये आलं, तेव्हाही हाच सूर होता. अमेरिकेने १९९५ मध्ये त्याला परवानगी दिली, पण नियंत्रित औषधांच्या यादीत घालायला २०१४ उजाडलं. आपल्याकडे ते अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं एप्रिल २०१८ मध्ये.

हा कायदा १९८५ चा. अफूची तस्करी रोखायला तो आणला, आणि त्याचा फटका बसला दवाखान्याला. मॉर्फिन ठेवायचं तर एकावर एक परवाने, हिशेबात चूक झाली तर किमान दहा वर्षांच्या तुरुंगवासाची भीती. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. जगाला वैध अफू पुरवणारा देश हा!

याचा अर्थ आमच्या घराला २००९ मध्ये कळला. मामांना जबड्याचा कॅन्सर होता. तंबाखू, दुसरं काय. शेवटच्या महिन्यांत दुखणं असं की रात्री उशी दाताखाली धरायचे. इथे कुणाकडे मॉर्फिन नव्हतं. मामेभाऊ रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचा आणि गोळ्या शर्टाच्या आतल्या खिशात घालून, वर पिन मारून आणायचा. दर चार तासांनी एक गोळी, घड्याळ लावून, सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण या गोळ्या आतडंही झोपवतात. दुसऱ्याच दिवशी मामा उठून बसले आणि त्यांनी वरणात कुस्करलेली बट्टी मागितली. "बापूंना नशेची सवय लागंल," असं शेजारचे काका कुजबुजले. लागली नाही. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि औषधामागे धावणं वेगळं. ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णात हे दुसरं क्वचितच दिसतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह सहा औषधांसाठी परवान्यांची ती माळ तुटली. मामांच्या ते उपयोगाचं नव्हतं.

म्हणजे ज्याला मॉर्फिन हवं त्याच्यापुढे कुलूप, आणि ट्रामाडॉलच्या दाराला कित्येक वर्षं कडीसुद्धा नाही. २०१४ पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये आलं, म्हणजे रजिस्टरमध्ये रुग्ण आणि डॉक्टरचं नाव लिहा, तीन वर्षं जपून ठेवा. कागदावर चोख. खरी जरब बसली ती २०१८ नंतर.

ऑपरेशननंतर किंवा हाड मोडल्यावर थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली घेतलं तर ट्रामाडॉल कामाचं आहे. पण ते मॉर्फिनसारखं एकमार्गी नाही. मेंदूतल्या सेरोटोनिनवरही त्याचा परिणाम होतो, म्हणून नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरतं. मात्रा वाढली की झटके येतात. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम. हमाल सुरुवात करतो एका गोळीने. अंग हलकं होतं, थकवा जातो, आणखी चार क्विंटल उचलले जातात. महिन्याभरात एकीने भागत नाही. मग एखाद्या दिवशी गोळी मिळत नाही आणि नाक गळतं, जांभया येतात, जुलाब होतात, हाडं ठणकतात. त्याला वाटतं, जुनं दुखणं उलटलं. ते दुखणं गोळी सुटल्याचं असतं, पण हे त्याला सांगणार कोण?

धुळे-मालेगावकडच्या बातम्यांत 'कुत्ता गोळी' येते, ती यातली नव्हे. ती बहुतेकदा अल्प्राझोलाम, झोपेच्या आणि चिंतेच्या औषधांच्या घरातली. लोक दोन्हींना एकाच नावाने ओळखतात, आणि घात होतो तो दोन्ही एकत्र घेतल्यावर. दोन्ही श्वास मंद करतात. वर देशी असली तर झोपलेला माणूस सकाळी उठेलच असं नाही.

कोडीनच्या काही खोकल्याच्या औषधांवरची बंदी २०१६ मध्ये आली, कोर्टात अडकली, २०२३ मध्ये पुन्हा आली. 'एम्स'च्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे २.०६ टक्के निघाले. हेरॉईनखालोखाल नंबर औषधी गोळ्या-सिरपचा, अफूचा त्याच्याही खाली. उपचार आहेत. बुप्रेनॉर्फिन देऊन तलफ आटोक्यात ठेवता येते, आणि १४४४६ ही सरकारी मदतवाहिनी फुकट आहे.

मित्राने कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आहे. परवा तोच केळीवाला आला, "ती गोयी" म्हणाला. मित्राने एच-वनचं रजिस्टर उघडून डॉक्टरचं नाव विचारलं. तो म्हणाला, डॉक्टर नाही. मित्राने पॅरासिटामोल दिली. ती त्याने काउंटरवरच ठेवली आणि तो पलीकडच्या गल्लीकडे चालू लागला.