पूल सरकारचा, अंदाजपत्रक रेल्वेचं

अमेरिकेत राज्याच्या महामार्ग खात्याला रुळांवरून पूल न्यायचा असला, की पुलाचं टेंडर निघतं. रुळांच्या कामाचं मात्र निघत नाही. सिग्नल हलवणं, रूळ बदलणं, गाडी येताना काम थांबवायला झेंडीवाला उभा करणं, हे रेल्वे कंपनी सहसा आपल्याच माणसांकडून करून घेते. अंदाजपत्रक ती बनवते, बिलही तीच राज्याला पाठवते. (आपल्याकडचं ‘डिपॉझिट वर्क’, म्हणजे पैसे दुसऱ्याने भरायचे आणि काम रेल्वेने करायचं, हे याच जातीचं, फक्त तिथल्या कंपन्या खासगी.) तुलनेला दुसरा दर नसल्यामुळे राज्याचा अभियंता ते अंदाजपत्रक ओळ न् ओळ तपासतो.

पूर्वी याची गरजच नव्हती. फाटकावरचा धोका रेल्वेमुळे, तेव्हा खर्चही तिचा, असा समज होता. १८९० च्या दशकात शिकागोने कंपन्यांना त्यांच्याच पैशाने रूळ उंचावर न्यायला लावले. स्वतःच्या खिशातून करायच्या कामाचा आकडा कोण फुगवील?

मोटार आली आणि हिशेब फिरला. टेनेसीच्या १९२१ च्या कायद्याने अशा कामाचा निम्मा खर्च रेल्वेवर टाकला होता. लेक्सिंग्टन गावातल्या भुयारी रस्त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. रेल्वेचं म्हणणं रास्त होतं: ज्या रस्त्यावरून ट्रक आमचाच माल पळवतात, त्याचे निम्मे पैसे आम्ही का भरायचे? १९३५ मध्ये न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी ही बदललेली परिस्थिती विचारात घ्यायला सांगून प्रकरण परत पाठवलं. त्याच वर्षी केंद्राने फाटकांवरचे धोके हटवायला २० कोटी डॉलर दिले. १९४४ च्या कायद्याने केंद्राच्या पैशातून होणाऱ्या कामांत रेल्वेचा वाटा १० टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात न्यायालयाने राज्यांना रेल्वेवर जास्त भार टाकायची मुभा दिली, पण ती केंद्राचा निधी नसलेल्या कामांत. आजच्या केंद्रीय नियमांत स्वयंचलित इशारायंत्रणा असलेलं जुनं फाटक काढून पूल बांधला, तर रेल्वे ५ टक्के देते. फाटक नुसतं सुधारायचं असेल तर तिच्यावर वाट्याची सक्ती नाही.

म्हणजे पैसे जनतेचे झाले, काम मात्र रेल्वेच्याच हातात राहिलं. म्हणून नियम आले: परतफेड प्रत्यक्ष खर्चाची, निघालेल्या जुन्या रुळांची किंमत वजा, आणि पुलाच्या निमित्ताने कंपनीने स्वतःसाठी केलेली सुधारणा तिच्याच खर्चाने.

खरी डोकेदुखी मजुरीवर वरखर्चापोटी चढणाऱ्या टक्क्यांची. रजा, विमा, देखरेख हे तर आहेच. शिवाय अमेरिकी रेल्वे कामगारांची निवृत्तिवेतन व्यवस्था १९३० च्या दशकापासूनच वेगळी आहे आणि तिचा मालकावरचा भार जास्त. रस्त्याच्या ठेकेदाराचा मजुरीदर शेजारी ठेवून ‘हे महाग आहे’ म्हणणारा नवखा अभियंता इथेच फसतो. झेंडीवाल्याचे दिवस तपासणं जास्त फलदायी, कारण ते रेल्वेपेक्षा राज्याच्या ठेकेदारावर अवलंबून असतात. तो रेंगाळला, की झेंडीवाल्याचं मीटर चालूच.