डिस्कवर जागा किती उरली?

मोठी फाइल कॉपी करण्याआधी डिस्कवर जागा आहे का, एवढंच प्रोग्रॅमला पाहायचं असतं. सी भाषेच्या 1989 च्या प्रमाणित लायब्ररीतही फाइल उघडायची, तिचं नाव बदलायची, ती पुसायची सोय आहे. डिस्क मात्र तिच्या गावीच नाही. मग ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारायचं, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

लिनक्स, मॅकओएस वगैरे पोसिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या सामाईक मानकाच्या) घराण्यात 'स्टॅटव्हीएफएस' हे फंक्शन चालतं. एखादा पाथ, म्हणजे फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता, दिला, की तो ज्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर) आहे तिचा हिशेब मिळतो, पण बाइटमध्ये नव्हे, ब्लॉकमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांत. ब्लॉकचा आकार सांगणारे आकडेही दोन: एफ_बीसाइझ आणि एफ_एफआरसाइझ. ब्लॉकची संख्या गुणायची दुसऱ्याने. लिनक्सवर बहुतेकदा दोन्ही 4096 असतात, म्हणून चूक खपून जाते. मॅकवर पहिला आकडा 10,48,576 येतो आणि तुमची डिस्क बसल्या जागी 256 पट मोठी होते!

गुणाकारातही मेख आहे. 1 कोटी ब्लॉक गुणिले 4096 म्हणजे सुमारे 41 अब्ज बाइट. हाच गुणाकार 32 बिटांत झाला तर हाती 2.3 अब्जच लागतात. वरचे बिट गळून पडतात आणि प्रोग्रॅम ब्रही काढत नाही. आधी एक संख्या 64 बिटी करून घ्यायची, मग गुणायचं.

मोकळे ब्लॉकही दोन प्रकारचे. लिनक्सची ईएक्सटी-4 फाइल सिस्टिम तयार करताना सहसा 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, राखली जाते. 1 टेराबाइटवर ती 50 गीगाबाइट भरते. एफ_बीफ्री ती धरून मोजतो, एफ_बीअवेल वगळून. आरक्षित डब्यात सीट रिकामी दिसते, पण बसता येत नाही, तसंच हे. वापरकर्त्याला बीअवेलच दाखवावा.

विंडोजवर 'गेटडिस्कफ्रीस्पेसएक्स' थेट 64 बिटी बाइट देतं, हे मला जास्त आवडतं. फक्त फोल्डरचं नाव 'लग्नाचे फोटो' असं मराठीत असेल, तर या फंक्शनचं शेवटी डब्ल्यू असलेलं रूप वापरायचं.

एवढं करूनही जागा असताना 'जागा नाही' असा एरर येतो. बारीकसारीक फाइलींची गर्दी झाली की आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, संपतात. एफ_एफअवेल हा उरलेल्या आयनोडचा आकडा पाहिला की कळतं. पण बीटीआरएफएस या लिनक्सच्या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर आयनोडचे आकडे नेहमीच शून्य असतात. तिथे शून्याचा अर्थ 'संपले' असा घेतला, तर कोऱ्या डिस्कवरही तुमचा प्रोग्रॅम अडून बसेल.