प्रेझेंटेशनमधली थीम, टेम्प्लेट आणि रंग

थीम म्हणजे प्रेझेंटेशनचे रंग, फॉन्ट, इफेक्ट आणि बॅकग्राउंड यांचा एकत्र बांधलेला सेट, आणि हीच थीम घेऊन त्यात लोगो, लेआउट, नमुन्याचा मजकूर असं सगळं आधीच मांडून ठेवलं की झालं टेम्प्लेट. पॉवरपॉइंटमध्ये थीमची फाइल टीएचएमएक्स आणि टेम्प्लेटची पीओटीएक्स असते, आजची थीमची पद्धत ऑफिस २००७ पासूनची.

यात सगळ्यात महत्त्वाचा भाग रंगांचा, आणि लोक नेमकं त्याकडेच बघत नाहीत. थीममध्ये रंगांच्या १२ जागा असतात, मजकूर आणि बॅकग्राउंडच्या ४, अ‍ॅक्सेंटच्या (म्हणजे आकार, ग्राफ यांना उठाव देणाऱ्या रंगांच्या) ६, लिंकची १ आणि क्लिक करून झालेल्या लिंकची १. थीममधला रंग दिला की स्लाइडवर निळा असं काही लिहिलं जात नाही, अ‍ॅक्सेंट १ असं लिहिलं जातं, त्यामुळं थीम बदलली की तक्ते, ग्राफ, चौकोन सगळं एकदम बदलतं. सोलापूरकरांना हे चादरीवरून लगेच कळतं: जॅकार्ड मागावर नक्षी भोकं पाडलेल्या पंचकार्डात असते, कार्डं तीच ठेवून मरून सुताच्या जागी हिरवं लावलं तर नक्षी तीच पण चादर दुसरी. पॅलेटमध्ये खाली स्टँडर्ड रंगांची ओळ असते ती मात्र वेगळी, तिथला किंवा मोअर कलर्समधला रंग पक्का बसतो, थीम कितीही बदला तो हलत नाही, म्हणून चाळीस स्लाइडचं कामाचं प्रेझेंटेशन असेल तर रंग थीममधूनच घ्यावा.

पण याला एक खरा अपवाद आहे. टॉवेल-चादरीचे शेड गिऱ्हाइकाला दाखवायचे असतील तर ते चौकोन पक्क्या रंगातच भरायचे, कारण समोरच्यानं ती स्लाइड त्याच्या प्रेझेंटेशनमध्ये पेस्ट केली की डेस्टिनेशन थीम, म्हणजे त्याच्या प्रेझेंटेशनची थीम लागते आणि आपला मरून तिकडं जांभळा होऊन बसतो! पेस्ट करताना कीप सोर्स फॉरमॅटिंग हा पर्याय निवडला तर आपली थीम सोबत जाते, पण समोरचा ते निवडेलच असं नाही.

लोगो, पानाचा नंबर, हेडिंगची जागा हे प्रत्येक स्लाइडवर हातानं करत बसू नये, व्ह्यू मेनूमध्ये स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मूळ साचा आहे, तिथं एकदा केलं की सगळीकडं येतं. सोलापूरच्या कडक उन्हात खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात प्रोजेक्टर लावला तर गडद बॅकग्राउंड फिकट पडून मजकूर दिसत नाही, तिथं पांढऱ्यावर काळा किंवा गडद निळा बरा, पांढऱ्यावर पिवळा तर कधीच नको. आणि नफा हिरवा, तोटा लाल एवढ्यावर थांबू नये, हा फरक न दिसणारी माणसं असतात, सोबत आकडा किंवा चिन्ह द्यावं.

मराठीसाठी फॉन्टकडं वेगळं बघावं लागतं. थीममध्ये लॅटिन (इंग्रजीची लिपी) आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट या गटातल्या लिप्यांचे फॉन्ट वेगवेगळे असतात आणि देवनागरी दुसऱ्यात मोडते, त्यामुळं हेडिंगचा फॉन्ट बदलला की कधीकधी इंग्रजी तेवढं बदलतं, मराठी जागच्या जागी राहतं. मजकूर युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर नुसतं टेक्स्ट पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, टेम्प्लेट बनवण्याआधीच तो युनिकोडमध्ये करून घ्यावा.