चमचाभर जागेचा हिशेब

गाडी ऑइल खायला लागते, घाटात दम टाकते, मेकॅनिक इंजिन उघडून बोअर (पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती) झिजल्याचं सांगतो, आणि मग पुढचा प्रश्न हमखास येतो. "एवीतेवी इंजिन खोललंच आहे, तर हाय कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकून घेऊ का?" प्रश्न रास्त आहे. बोअर मारायचा, म्हणजे ती नळी कापून थोडी रुंद करायची, तर नवे पिस्टन आणि नव्या रिंगा घ्याव्या लागणारच. टर्बोच्या वाटेला न जाता, इंजिन स्वतः ओढून घेतं तेवढ्याच हवेवर, थोड्या जास्तीच्या पैशांत ताकद वाढत असेल तर हवीच आहे. पण याचं उत्तर पिस्टनच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यात नसतं. ते तुमच्या इंजिनात मोजून काढावं लागतं.

उदाहरणाला मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन घेऊ. ताडोब्याची सफारी केलेल्या बहुतेकांच्या ते ओळखीचं आहे, आणि रॅलीवाल्यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं हात फिरवला आहे. बोअरचा व्यास ७४ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची तळापासून वरपर्यंतची चाल, ७५.५. म्हणजे एक पिस्टन खालून वर जाताना ३२४.७ घनसेंटिमीटर जागा झाडून काढतो. अशी चार सिलिंडर मिळून १२९८ सीसी. पिस्टन अगदी वर पोहोचला तरी हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, पोकळीत थोडी जागा उरतेच. पिस्टन तळाशी असतानाची एकूण जागा भागिले ही उरलेली जागा, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. उरलेली जागा ४०.६ सीसी असेल तर रेशो ९ येतो. तो १० करायचा तर उरलेली जागा ३६.१ सीसी व्हायला हवी. फरक साडेचार सीसीचा, म्हणजे चहाचा एक लहान चमचाही पुरता भरत नाही. सगळा खटाटोप या चमच्यासाठी असतो.

त्या चमच्यातून मिळतं काय? निकोलाउस ओटोने १८७६ साली जर्मनीत आपलं चार फेऱ्यांचं इंजिन चालवलं तेव्हा रेशो होता जेमतेम अडीच. तिथून आजवरच्या प्रवासामागे एक साधं तत्त्व आहे. वायू जितका जास्त दाबून पेटवाल, तितका तो पेटल्यावर जास्त पसरतो आणि उष्णतेचा मोठा वाटा पिस्टन ढकलण्यात जातो. कमी वाटा सायलेन्सरमधून वाया जातो. आदर्श इंजिनाच्या गणितात रेशो ९ असताना ५८.५ टक्के उष्णतेचं काम होतं, १० ला ६०.२ टक्के, ११ ला ६१.७ टक्के. खऱ्या इंजिनात हे आकडे बरेच खाली असतात, पण एकमेकांशी असलेलं त्यांचं प्रमाण साधारण टिकतं. ९ चा रेशो १० केल्यावर सुमारे ३ टक्के वाढ होते. ८० हॉर्सपॉवरच्या इंजिनात ती होते अडीच हॉर्सपॉवर. आणि प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीपेक्षा कमी देते.

अडीच हॉर्सपॉवर ऐकून हिरमोड होऊ देऊ नका. ही वाढ फक्त वरच्या आरपीएमला मिळत नाही, ती सगळीकडे मिळते. अर्ध्या थ्रॉटलवर, दुसऱ्या गिअरमध्ये, गर्दीतल्या पिकअपला ती जाणवते आणि ॲव्हरेजमध्येही थोडी उतरते. पण "पिस्टन बदलले आणि गाडी उडायला लागली" असं कुणी सांगत असेल, तर त्याच्या गाडीत नव्या रिंगांनी घट्ट झालेल्या बोअरचा वाटा पिस्टनच्या आकड्यापेक्षा मोठा असतो, हे मी खात्रीने सांगतो. झिजलेल्या इंजिनाची गेलेली ताकद परत येणं हीच या कामातली सर्वांत मोठी कमाई असते.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून हवा भरली की नळी गरम होते, तेच सिलिंडरमध्ये घडतं. रेशो ९ वरून १० वर गेला की दाबलेलं मिश्रण आणखी २५-३० अंशांनी तापतं. प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्योत तिथून कडेकडे पसरत जाते. तिच्या पुढे, सिलिंडरच्या कडेला, अजून न पेटलेलं मिश्रण उरलेलं असतं. मागून फुगत येणारा जळका वायू त्याला आणखी दाबतो, आणखी तापवतो. ज्योत पोहोचण्याआधीच ते सहन होईनासं झालं, तर एकदम पेट घेतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. ७४ मिलिमीटरच्या बोअरमध्ये सेकंदाला सात हजारांच्या आसपास वेळा. चढावर जोर दिल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो हा, नॉकिंग.

आवाजापेक्षा वाईट गोष्ट आत घडते. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वितळायला लागतो त्याच्या कितीतरी वर जळत्या वायूचं तापमान असतं. पिस्टन तरीही टिकतो, कारण एक तर तो आपली उष्णता रिंगांवाटे बोअरला देत राहतो, आणि दुसरं, त्याच्या पृष्ठभागाला चिकटून स्थिर वायूचा पातळ थर राहतो, पांघरुणासारखा. नॉकिंगच्या लाटा हा थर उडवून लावतात. मग पिस्टनची कड खवले पडल्यासारखी खाल्ली जाते, रिंगांमधला पातळ कठडा तडकतो. एका मित्राने हौसेने उंच घुमटाचे पिस्टन बसवले, कुणी काही मोजलं नाही. चार महिन्यांत इंजिन पुन्हा उघडलं तेव्हा दोन पिस्टनचे कठडे तुटलेले होते आणि नवा बोअर ओरखडलेला होता. स्वस्तात मस्त करायला गेलेलं काम दुप्पट खर्चात पडलं. तेव्हापासून मी मोजल्याशिवाय पिस्टन निवडू देत नाही.

नॉकिंग सोसण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. ती मोजतात तेही इंजिनावरच: एकच सिलिंडर, आणि चालू असताना रेशो ४ पासून १८ पर्यंत बदलता येतो असं ते यंत्र आहे. १९२० च्या दशकाअखेरीस ते ठरलं आणि आजही तेच वापरतात. पंपावरचा आकडा आणि कॉम्प्रेशन रेशो हे असे जन्मापासूनचे सोबती आहेत. ढोबळमानाने, रेशो एकने वाढवला की पाचेक ऑक्टेन जास्त लागतो. भारतात बीएस-६ च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेनचं मानक होतं. २० टक्के इथेनॉलच्या ई-२० साठी ते ९५ आहे. मुंबई-पुण्यात निवडक पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोलही २०२० पासून मिळतं, पण रोजच्या गाडीचं इंजिन त्या भरवशावर बांधू नये. आडगावच्या पंपावर मिळेल त्या पेट्रोलवर ते विनातक्रार चाललं पाहिजे.

ई-२० बद्दल जुन्या गाडीवाल्यांची नाराजी मला समजते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज घटतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याला सोसत नाहीत, त्या या कामातच बदलून घ्याव्यात. कार्ब्युरेटर असेल तर जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा करावा लागेल, नाहीतर मिश्रण पातळ पडून इंजिन तापेल. पण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या घरात आहे आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणजे आत येणारी हवा गार करतं. वाढवलेल्या रेशोला हे इंधन मानवतं. ९ चा रेशो ठेवून ई-२० जाळणं म्हणजे त्याचे तोटे घ्यायचे आणि फायदा सोडून द्यायचा. म्हणून आज इंजिन बांधणाऱ्याने १० च्या आसपास जायला माझी हरकत नाही.

मात्र १० म्हणजे मोजलेला १०. छापलेला रेशो सहसा एका ठराविक हेडसाठी, हेड आणि ब्लॉकमधल्या ठराविक जाडीच्या पॅकिंगसाठी असतो. मूळ मापाच्या बोअरला १० देणाऱ्या पिस्टनचंच अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज घेतलं, तर झाडली जाणारी जागा ३२९ सीसी होते. ब्लॉकचा फेस सपाट करताना लेथवाल्याने ०.२ मिलिमीटर काढले, उरलेल्या जागेतून पाऊण-एक सीसी गेला. नवं पॅकिंग दाबल्यावर जुन्यापेक्षा ०.१ मिलिमीटर पातळ निघालं, आणखी अर्धा सीसी गेला. बेरीज केली की १० चा रेशो साडेदहाला टेकलेला असतो, आणि प्रत्येकाने आपापलं काम चोख केलेलं असतं. दुसऱ्या मॉडेलचा त्याच व्यासाचा पिस्टन बसवायची युक्ती करणाऱ्यांनी तर पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची आधी मोजावी. ती अर्ध्या मिलिमीटरने जास्त असली तरी ९ चा साडेनऊ होतो.

मोजणी अवघड नाही. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला ग्रीस लावून पोकळीवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी चिकटवायची, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ब्यूरेटने पातळ तेल सोडत जायचं. हवेचा शेवटचा बुडबुडा निघाला की आकडा वाचायचा. तसंच पिस्टन ब्लॉकमध्ये बसवून, वर आणून, तिथलीही जागा मोजायची. पॅकिंगची जागा गणिताने येते. चारही सिलिंडरचं मोजावं. एकाचा रेशो बाकीच्यांहून जास्त असेल, तर नॉकिंग तिथेच सुरू होईल आणि सगळ्या इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी टाकण्याची वेळ, त्या एकासाठी मागे घ्यावं लागेल.

याच मोजणीत एक मौल्यवान गोष्ट हाती लागते, जिला बहुतेक जण पिस्टनच्या नादात विसरतात. पिस्टन वर आल्यावर त्याची सपाट कड आणि हेडची सपाट कड यांत फट किती राहते? ती १ मिलिमीटरच्या आसपास असली, तर दोन्ही तळहातांमधून हवा निसटावी तसं कडेचं मिश्रण झपकन मध्याकडे फेकलं जातं, घुसळतं आणि लवकर जळतं. जे कडेला मागे राहून नॉकिंग करतं, तेच मिश्रण इथे मुळात कमी उरतं आणि धातूला लागून थंडही राहतं. फट दोन मिलिमीटरची राहिली तर हा परिणाम जवळपास संपतो. म्हणून चमचाभर जागा कमी करायची ती आधी इथून करावी: पातळ पॅकिंग, ब्लॉकचा मोजून काढलेला फेस, सपाट डोक्याचा पिस्टन. उंच घुमट ज्योतीच्या वाटेत टेकडीसारखा आडवा येतो आणि उष्णताही जास्त खातो. सपाट पिस्टनचा १० मला घुमटाच्या साडेदहापेक्षा केव्हाही बरा वाटतो. फट कमी करताना व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत ना, हे पिस्टनवर मुलांच्या खेळातली चिकणमाती थापून, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवून पाहावं. मातीत उमटलेल्या ठशाची जाडी खरं सांगते.

व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टचाही इथे संबंध येतो. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचल्यावर लगेच बंद होत नाही. तो क्रँकच्या फेरीत ६० अंश उशिरा बंद होत असेल, तर तोवर पिस्टन जवळजवळ पाचवा हिस्सा वर आलेला असतो आणि खरी दाबणी तिथून सुरू होते. रॅलीचा कॅम आणखी उशिरा बंद होतो, म्हणून त्याला जास्त रेशो पचतो, किंबहुना लागतोच. कंपनीचाच कॅम ठेवून रॅलीवाल्याच्या इंजिनातला ११ चा आकडा उचलणं ही नेहमीची चूक आहे.

राहिला धातूचा प्रश्न. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन मजबूत असतात, पण त्यांच्या एका प्रचलित मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसतं, त्यामुळे तो तापल्यावर जास्त फुगतो. बोअरमध्ये जास्त फट ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिन खडखडतं. ओतीव पिस्टनमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास, काहींत १६ ते १८ टक्के सिलिकॉन असतं. ते कमी फुगतात, घट्ट बसतात, शांत चालतात. टर्बो नसलेल्या, रोज चालणाऱ्या इंजिनाला चांगले ओतीव पिस्टन पुरतात. वाचलेल्या पैशांतून चारही पिस्टनचं वजन जुळवून घ्या. ६००० आरपीएमला वरच्या टोकावर पिस्टनला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट झटका बसतो, म्हणजे दहा ग्रॅमचा फरक तिथे वीस किलोचा होतो.

इंजिन बांधून झालं, रिंगा बसल्या, की पाचेकशे किलोमीटरनंतर एका लांब चढावर जोर देऊन गाडी न्या, वर थांबवा आणि थंड झाल्यावर चारही प्लग काढून भिंगाखाली पाहा. चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले, तर ते तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. टायमिंग दोन अंश मागे घ्या, प्लग पुसून तोच चढ पुन्हा चढा, आणि पुन्हा पाहा.