वजन तेच, चरबी दुप्पट

"मी एवढा बारीक, मला शुगर कशी काय?" पुण्यातल्या कुठल्याही डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये हा प्रश्न हमखास ऐकू येतो. शेजारीच भरपूर वजनाचे एखादे काका बसलेले असतात आणि त्यांचे रिपोर्ट नॉर्मल निघतात. दैवाला बोल लावून आपण गप्प बसतो, पण यामागे जुना शोध आहे आणि त्याचा मोठा भाग पुण्यातच घडला.

फ्रान्समधल्या मार्सेचे डॉक्टर ज्याँ वाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठते ते पाहा. पोटावरची घातक, मांड्या-नितंबांवरची त्यामानाने निरुपद्रवी. तरी १९७२ नंतर चलन बीएमआयचंच, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या आकड्याचंच झालं, कारण वजनकाटा आणि उंचीची पट्टी एवढ्यावर काम भागतं.

चरबीचं गणित धान्याच्या कणगीसारखं आहे. त्वचेखालची कणगी मोठी असली तर जास्तीचं आत मावतं. ती लहान असली तर लवकर भरते आणि उरलेलं यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जातं. तिथे इन्शुलिनचं काम बिघडतं. कणगी प्रत्येकाची वेगळी. त्यात आनुवंशिकता आली आणि आईच्या पोटातले नऊ महिनेही आले.

हे नऊ महिने पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी धरून ठेवले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींची पाहणी सुरू झाली. बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोटाचा घेरही लहान. पण खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्याने कातडी धरली, तर तिथली चरबी जवळजवळ इंग्लिश बाळांइतकी! म्हणजे हडकुळं दिसणारं बाळ चरबी घेऊनच जन्मलेलं. मला आजही हे वाचताना गलबलून येतं.

२००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ वरून २३ वर आणली गेली. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा, असंही ठरलं.

गावांतली ती बाळं मोठी होत गेली, मोजमापं चालूच राहिली. ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर पण बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्यात सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं. त्यामुळे हीच मुलंमुली वयात आल्यावर, स्वतः आईबाप होण्याआधीच, त्यांना बी-१२ देऊन पाहणारी चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली.