गोगलगायीवरचं संविधान : २०१२ च्या व्यंगचित्र-वादाची पार्श्वभूमी

देशपातळीवरची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटी या संस्थेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून एक व्यंगचित्र गळालं, त्याला तपाहून जास्त काळ लोटला. तरी पाठ्यपुस्तकातून काही वगळल्याची बातमी आली की ‘ती गोगलगाय’ हमखास आठवली जाते, आणि बहुतेक वेळा अर्धवट आठवली जाते. कुणाच्या लेखी तो बाबासाहेबांच्या अपमानाचा पुरावा, तर कुणाच्या लेखी सत्तेला विनोद पचत नाही याचा. चित्र कधीचं, पुस्तकात ते कुठल्या मजकुराशेजारी होतं आणि ते काढायचं कसं ठरलं, हे सांगण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही.

चित्र व्यंगचित्रकार शंकर यांचं, २८ ऑगस्ट १९४९ चं. एक भलीमोठी गोगलगाय, तिच्या शंखावर संविधानाचं नाव. शंखावर डॉ. आंबेडकर स्वार झालेत, हातात चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांचाही चाबूक उगारलेला. पलीकडे बघ्यांची गर्दी. मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ ला. म्हणजे चित्र छापून आलं तेव्हा तिला दोन वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी होता. संविधानाचं घोडं अजून अडलेलंच कसं, अशी कुरकुर तेव्हा वर्तमानपत्रांतून चालू होती आणि खुद्द संविधान सभेतही ती ऐकू येई. एका सदस्याने तर ‘ड्राफ्टिंग कमिटी’चं बारसं ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ (वाहवत जाणारी समिती) असं करून टाकलं होतं.

या कुरकुरीला आंबेडकरांनी दिलेलं उत्तर नोंदलेलं आहे आणि ते आकड्यांनी भरलेलं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सगळा हिशेबच मांडला. सभेची अकरा अधिवेशनं, १६५ दिवस कामकाज, त्यातले ११४ दिवस मसुद्यावर. मसुदा समितीच्या बैठकांचे १४१ दिवस. सूचना आलेल्या दुरुस्त्या ७,६३५, प्रत्यक्ष मांडलेल्या २,४७३. मग तुलना : अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. पण अमेरिकेची कलमं सात आणि आपली ३९५, आणि त्यांच्या घटनाकारांपुढे दुरुस्त्यांचा असा डोंगर नव्हता, हे त्यांनी लगेच जोडलं. कोट्या करणाऱ्या त्या सदस्यालाही सोडलं नाही. वाहवत जाणं आणि परिस्थितीवर पकड ठेवून प्रवाहाबरोबर जाणं यांत फरक असतो, असं त्याला सुनावलं. त्याआधी वर्षभर, ५ नोव्हेंबर १९४८ ला, मसुदा समितीच्याच एका सदस्याने सभेत कबूल केलं होतं की एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत आहे, एक संस्थानी कारभारात गुंतलेला, एक-दोघे दिल्लीपासून लांब; कामाचा भार पडला तो आंबेडकरांवर. गोगलगायीवर बसलेला माणूस एकटाच का दिसतो, याचं खरं स्पष्टीकरण या भाषणात आहे. ते चित्रात नाही, कारण व्यंगचित्रात खुलासे मावत नाहीत.

आपल्याकडच्या राजकीय व्यंगचित्राची परंपरा याहून बरीच जुनी. १८५४ साली मुंबईत ‘पारसी पंच’ निघाला, तोच पुढे ‘हिंदी पंच’ झाला. पण तो सगळा इतिहास वर्तमानपत्रांचा. शालेय पुस्तकात व्यंगचित्र येणं ही अगदी अलीकडची गोष्ट.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर नववी ते बारावीची राज्यशास्त्राची पुस्तकं नव्याने लिहिली गेली आणि २००६-०७ पासून शाळांत आली. लिहिणाऱ्यांत विद्यापीठांतले अभ्यासक होते, शाळांतले शिक्षकही होते. मुख्य सल्लागार दोन, त्यातले एक पुण्याचे. जुनं नागरिकशास्त्र म्हणजे राज्यपालांचे अधिकार आणि राष्ट्रपतींची पात्रता पाठ करणं. त्याऐवजी मुलांनी राजकारण वाचावं, भांडावं, प्रश्न विचारावेत असा या मंडळींचा बेत होता. त्यासाठी पानापानावर व्यंगचित्रं आली. शंकर आले, आर. के. लक्ष्मण आले, आगाऊ प्रश्न विचारणारी उन्नी-मुन्नी ही जोडगोळी आली. चित्रं सजावटीला नव्हती, प्रत्येकाखाली प्रश्न होता. गोगलगायीखालीही होता : संविधान बनायला जवळपास तीन वर्षं लागली, चित्रकार त्यावरच बोट ठेवतोय का, आणि सभेला एवढा वेळ का लागला असेल? उत्तर त्याच प्रकरणात होतं. सभा खुल्या दाराने चालली, तरतुदींचा कीस पाडला गेला, म्हणून वेळ लागला. थोडक्यात, पुस्तकाने चित्र दाखवलं ते चित्राशी वाद घालण्यासाठी. (पुस्तकात कामकाजाचे दिवस १६६ दिलेत, आंबेडकरांच्या भाषणात १६५. पण एका दिवसाच्या फरकावरून कुणी भांडलं नाही.)

सहा वर्षं हे पुस्तक देशभर शिकवलं गेलं. २०१२ च्या वसंतात महाराष्ट्रातल्या रिपब्लिकन वर्तुळातून आक्षेप आला आणि ११ मे रोजी तमिळनाडूतल्या एका खासदाराने तो लोकसभेत मांडला. पुढचं सगळं एका दिवसात उरकलं. सभागृहात गदारोळ, मंत्र्यांची माफी, पुस्तकाचं वितरण थांबवल्याची घोषणा, दोन्ही मुख्य सल्लागारांचे राजीनामे. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या सल्लागारांच्या कार्यालयात काही कार्यकर्ते घुसले आणि मोडतोड करून गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ मेला, संसदेच्या पहिल्या बैठकीला साठ वर्षं झाली म्हणून दोन्ही सभागृहांची खास बैठक होती. तिथे लोकशाहीच्या परिपक्वतेवर बरंच बोललं गेलं.

वादाचा गाभा चाबूक होता. नेहरूंचा चाबूक कुणावर उगारलेला, गोगलगायीवर की आंबेडकरांवर? रेषा पाहिल्या तर दोन्ही अर्थ निघतात. शंकर यांची बाजू घेणारे म्हणाले, दोघे मिळून गोगलगायीला पिटाळतायत, टिंगल दिरंगाईची आहे. आक्षेप घेणारे म्हणाले, पुढे बसलेला दलित आणि मागून चाबूक उगारणारा ब्राह्मण, आणि हे बघून हसणारा जमाव, हे दृश्य या देशात निव्वळ दृश्य राहूच शकत नाही. हा दुसरा मुद्दा त्या दिवसांत इंग्रजी स्तंभलेखकांनी भावनिक म्हणून उडवून लावला, ते चूक होतं. १९४९ चा वाचक वर्तमानपत्र विकत घेऊन, सगळे संदर्भ डोक्यात ठेवून ते चित्र बघत होता. २०१२ चा दलित विद्यार्थी ते भरवर्गात, पन्नास जणांच्या मध्ये बसून बघणार होता. बाक कुणाच्या शेजारी मिळेल हेही जिथे जातीवर ठरू शकतं, तिथे चित्राखालचा चतुर प्रश्न पुरेसं संरक्षण देतो का? पुस्तक लिहिणाऱ्यांनी या प्रश्नाचा पुरता विचार केला होता असं त्यांच्या नंतरच्या खुलाशांतूनही दिसत नाही.

पण संसदेने घेतलेला निर्णय या प्रश्नावर झालाच नाही. १४ मेला लोकसभेत पुन्हा चर्चा झाली, तेव्हा बोलण्याचा सूर पार बदललेला होता. आता तक्रार एका चित्राची उरली नव्हती. ही पुस्तकं राजकारण्यांना बदनाम करतात, कोवळ्या मनात लोकशाहीविषयी तिरस्कार पेरतात, म्हणून सगळीच व्यंगचित्रं हटवा, असा धोशा सर्वपक्षीय बाकांवरून लागला. दलितांच्या दुखावलेपणाच्या आडून पुढाऱ्यांनी आपली कातडी वाचवून घेतली, असं म्हटलं तर ते कडू लागेल, पण कामकाज वाचणाऱ्याला दुसरं काही दिसणं अवघड आहे. पाठोपाठ तमिळनाडूतून बारावीच्या पुस्तकातल्या हिंदीविरोधी आंदोलनावरच्या लक्ष्मण यांच्या चित्रावर आक्षेप आला. एकदा दार उघडलं की रांग लागतेच.

मग सहा जणांची समिती बसली. अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ, तेही मराठी, जातिभेदाचं मोजमाप करण्यात हयात घालवलेले. म्हणजे राजीनामा देणारा एक अभ्यासक महाराष्ट्रातला आणि त्याच्या पुस्तकाचं परीक्षण करणाऱ्यांचा प्रमुखही महाराष्ट्रातला. दोघेही फुले-आंबेडकरांना मानणारे. दिल्लीच्या चर्चेत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, आपल्याकडे ती अनेकांना बोचली. जुलै २०१२ मध्ये अहवाल बाहेर आला. समाजगटांच्या भावना दुखावणारी चित्रं काढावीत ही शिफारस अपेक्षितच होती. पण राजकारणी आणि नोकरशहा यांच्याविषयी नकारात्मक संदेश देणारी चित्रंही काढा, असंही समितीने सुचवलं. जातीचा अपमान आणि मंत्र्याचा अपमान एकाच तराजूत घातला गेला. सदस्यांपैकी एकाने, तेही ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करणाऱ्याने, भिन्नमत नोंदवलं. त्याचा रोख हाच होता की राजकीयदृष्ट्या काय आक्षेपार्ह याचं एकच एक उत्तर नसतं, आणि मुलांना मतभेदांपासून लपवून ठेवणं हे शिक्षणाचं काम नाही.

वादाचा एक फायदा झाला, तो अभ्यासाच्या क्षेत्रात. त्याआधी भारतीय राजकीय विनोदावर गंभीरपणे लिहिलेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. २०१४ मध्ये वसाहतकाळापासूनच्या भारतीय व्यंगचित्रांवर एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा ग्रंथ आला. २०१९ मध्ये एका तरुण संशोधकाने, जो स्वतः व्यंगचित्रकार आहे, १९३२ पासून इंग्रजी वृत्तपत्रांत आंबेडकरांवर आलेली शंभराहून जास्त चित्रं शोधून, प्रत्येकाशेजारी त्या दिवसाचा राजकीय संदर्भ लिहून छापली. पानं उलटत गेलं की तेच तेच दिसतं : गांधी-नेहरूंच्या शेजारी आंबेडकर बुटके, कधी रडवं पोर, कधी बाई. एकटी गोगलगाय बघून अपमान होता की नव्हता हे भांडण मिटत नाही. ओळीने शंभर चित्रं पाहिल्यावर एक कल दिसतो आणि तो झटकून टाकता येत नाही. संख्याशास्त्र शिकलेला माणूस इथे एक शंका काढेल : त्याच चित्रकारांनी जिना, राजाजी, पटेल यांना किती वेळा पोर केलं, तेही मोजायला हवं. शंका रास्त आहे. पण ज्या २००६ च्या पुस्तकाने शंकर यांचं चित्र निवडलं, त्याच्या लेखकांपुढे निदान ही शंभर चित्रं असती, तर निवड कदाचित वेगळी झाली असती.

पुढची दहा वर्षं पुस्तकं तशी शांत होती. २०२२ मध्ये, कोविडनंतरचं ओझं कमी करायचं म्हणून, याच मालिकेतल्या बारावीच्या पुस्तकातून लोकआंदोलनांवरचं अख्खं प्रकरण गेलं. त्यात चिपको होतं, शेतकरी युनियन होती, दारूबंदीसाठी उठलेल्या आंध्रच्या बाया होत्या, नर्मदा होती. आणि १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर होती, नामदेव ढसाळांच्या कवितेसह. देशभरच्या शाळांत पोचणाऱ्या पुस्तकात पँथरला अशी जागा क्वचितच मिळते, आणि ती दिली होती २०१२ मध्ये दलितविरोधी ठरलेल्या त्याच लेखकांच्या चमूने. या वेळी लोकसभेत कुणी गदारोळ केला नाही, कुणाच्या कार्यालयाच्या काचा फुटल्या नाहीत. माफी मागायचा तर प्रश्नच आला नाही.

जून २०२३ मध्ये दोन्ही माजी सल्लागारांनी पत्र लिहून कळवलं की इतकी काटछाट झालेल्या पुस्तकांवर आमची नावं नकोत. पाठोपाठ पुस्तकांच्या कामात असलेल्या तीसहून जास्त अभ्यासकांनी तशीच मागणी केली. एनसीईआरटीने उत्तर दिलं की पुस्तकांचा स्वामित्वहक्क संस्थेचा आहे आणि वैयक्तिक लेखकत्वाचा दावा इथे कुणी केलेलाच नाही. जून २०२४ मध्ये दोघांनी पुन्हा पत्र पाठवलं, या वेळी कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यासह. कारण नव्या छपाईतही त्यांची नावं तशीच होती.