‘फुकट मिळालं’ आणि ‘मुक्त आहे’ यात फरक काय?

आमच्या केंद्राच्या शिक्षक ग्रुपवर रोज पाचसहा पीडीएफ येऊन पडतात आणि खाली कोणीतरी लिहितंच, "फ्री आहे, बिनधास्त वापरा". गेल्या वर्षी दुसरीला ऋतू शिकवायचे होते म्हणून त्यातलीच एक वर्कशीट उघडली. चित्रं एकदम छान, पण ऋतू चार, एका चौकोनात स्नोमॅन आणि एकात लाल पानांचं कुठलं तरी परदेशी झाड, आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो गोळ्याच्या गाडीवर. मला एवढंच करायचं होतं की चौथा चौकोन काढायचा, पावसाळ्यात भातलावणी टाकायची आणि नावं मराठीत करायची. तर फाइल लॉक, तळाशी बारीक अक्षरात ‘सर्व हक्क राखीव’, आणि बनवणाऱ्याला विचारावं तर पत्ता नाही. पैसे काही लागले नाहीत, पण ती वर्कशीट माझ्या वर्गाच्या कामाची करून घ्यायचा हक्क मला कोणी दिलाच नव्हता.

फुकट आणि मुक्त यांची गल्लत होते ती इथेच. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत, बाकी काही नाही, आणि उद्या मालकाने लिंक काढली की तेही संपलं. मुक्त म्हणजे ज्याने बनवलं त्यानेच आधी लिहून ठेवलंय की घ्या, स्वतःकडे ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्या साहित्यात मिसळा, पुढे वाटा, मला विचारत बसू नका. डेव्हिड वायली नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हे पाच हक्क असे वेगवेगळे करून सांगितले. मुक्त शैक्षणिक साहित्य ही संज्ञा २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत पुढे आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्स (थोडक्यात सीसी) या संस्थेची पहिली लायसन्स निघाली, म्हणजे तशी परवानगी लिहून द्यायची सोपी पद्धतही मिळाली. (नाशिकच्या मुक्त विद्यापीठातला ‘मुक्त’ वेगळा हं, तिथे शिकायला येण्यातली मोकळीक आहे, त्या नावावरून पुस्तकाच्या हक्कांचं काही कळत नाही.)

आपल्या रोजच्या वापरातलं बघा. बालभारतीची पुस्तकं ईबालभारतीवरून कोणीही फुकट उतरवून घेतं, चांगलीच सोय आहे, पण त्याच पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडा, सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही असं स्पष्ट छापलेलं असतं. मग वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायचं की नाही? खुशाल दाखवा, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला त्यात सूट आहे, आणि २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टाने या सुटीचा अर्थ बराच मोकळा लावला. पण ही सूट शिकवण्यापुरती आहे. तोच धडा थोडा बदलून स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकला किंवा गाइड करून वाटलं तर ते आपोआप यात बसेल असं समजू नका.

याच्या उलट स्टोरीवीव्हर, ही मुलांच्या गोष्टींची वेबसाइट. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ ला सुरू केलं, मराठी गोष्टीही भरपूर आहेत, आणि लायसन्स सीसी बाय, म्हणजे नाव द्या आणि हवं ते करा. आमच्याकडे पहिलीला येणारी बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात, पुस्तकी मराठी त्यांना पहिले काही महिने जडच जाते, तर मी तिथली एक गोष्ट घेतली, मुलांच्या आज्यांना विचारून विचारून वाक्यं अहिराणीत केली, प्रिंट काढले आणि शेजारच्या दोन शाळांनाही दिले. माझ्यासाठी मुक्त म्हणजे हे, गोष्ट पोरांच्या तोंडच्या भाषेत आणता येणं, पैसे वाचले हे त्यानंतर. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियलही मुक्त, बाय-एसए लायसन्सवर, कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांनी मराठीतले जरूर बघा. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर मात्र सरसकट काही धरून चालू नका, प्रत्येक साहित्याचं लायसन्स तिथे दिलेलं असतं ते वाचा.

लायसन्समधली अक्षरं बघायची सवय लावून घ्याच. एसए म्हणजे तुम्ही बदलून केलेलंही त्याच अटींवर वाटायचं, एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही. एनडी असेल तर जसंच्या तसं वाटता येतं पण बदललेलं वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच, त्यामुळे माझी अहिराणी गोष्ट एनडीवर झालीच नसती. मिसळतानाही अडचण येते. विकिपीडिया बाय-एसए आणि एमआयटी ओपनकोर्सवेअर (अमेरिकेतल्या एमआयटीचं ऑनलाइन अभ्याससाहित्य) बाय-एनसी-एसए, दोन्हीकडचे परिच्छेद घेऊन एकच नोट्स केल्या तर एक म्हणतं माझंच लायसन्स लाव, दुसरंही तेच म्हणतं, आणि दोन्हींना चालेल असं लायसन्सच नाही. मग दोन वेगळे भाग करून ज्याचं त्याला ठेवायचं.

मराठीत अजून एक अडथळा आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, तो म्हणजे फॉन्ट. लायसन्स अगदी मोकळं असतं पण पीडीएफ जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली, युनिकोड (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरं) नाही, कॉपी करून वर्डमध्ये टाकलं की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. बदलायची परवानगी आहे पण सगळं परत टाइप करायचं, कोण करणार? म्हणून साहित्य टाकणाऱ्याला कळकळीने सांगणं आहे, पीडीएफसोबत युनिकोडमधली मूळ फाइलही द्या.

जुनं साहित्य हा तिसरा प्रकार. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळे त्यांनी छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं, तिथे लायसन्स लागतच नाही. फक्त नव्या आवृत्तीतली चित्रं, प्रस्तावना वेगळ्या माणसाची असते, ती स्कॅन करून घेऊ नका.

शेवटी ऋतूंची वर्कशीट मी स्वतःच केली, तीन चौकोनांची. तळाशी वर्कशीटचं नाव, इयत्ता, माझं नाव, ‘सीसी बाय ४.०’ आणि एडिट करायच्या फाइलची लिंक, एवढी एक ओळ. मागच्या महिन्यात सोलापूरकडच्या एका मॅडमची कॉपी फिरत फिरत माझ्याकडे आली, भातलावणी काढून तिथे तुरीचं शेत, हिवाळ्याच्या चौकोनात हुरडा, आणि खाली माझ्या नावापुढे ‘बदल केले आहेत’ असं लिहून त्यांचं नाव. त्यांनी मला विचारलं नव्हतं, विचारायची गरजच नव्हती.